मोहाडी (नाशिक) ते सॅन फ्रान्सिस्को: नक्की किती किलोमीटर आणि किती तास? सौ. एकट्याच जाणार आहेत

द्राक्षबाग_मोहाडी, १० सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीचा शेतकरी. सव्वातीन एकर द्राक्षं आहेत.

मुलगी सनीव्हेलला असते, सॅन फ्रान्सिस्कोजवळ. पहिलं बाळंतपण आहे, डॉक्टरांनी २० ऑक्टोबरच्या आसपासची तारीख दिली आहे. आईने जायचं हे ठरलेलंच होतं. मीही जाणार होतो, व्हिसा दोघांचाही झाला. पण २८ सप्टेंबरला आमची छाटणी सुरू होते. बाग असलेल्यांना सांगायला नको, छाटणीनंतर चाळीस दिवस माणूस बागेला बांधलेला असतो. पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), फेल म्हणजे घड नसलेली फूट काढणं, आणि मध्येच पाऊस आला तर डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने पहाटे तीनला फवारणीचा ब्लोअर जोडावा लागतो. सुरगाण्याकडची मजुरांची टोळी सांगून ठेवली आहे. ती तारीख हुकली की टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते. म्हणून मुलीची आई एकटी निघणार.

तिचं वय ५९. शाळा सातवीपर्यंत. मराठी वाचते, हिंदी कामापुरती बोलते. आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास काशीचा, तोही रेल्वेने, गावातल्या पंधरा जणांसोबत. विमानात कधी बसलेली नाही. उजवा गुडघा दुखतो. बीपीची आणि थायरॉईडची गोळी रोज चालू आहे.

एजंटने तीन पर्याय दिलेत. पहिला थेट, मुंबईहून सोळा तासांच्या वर. दुसरा दुबईला विमान बदलून, आधी तीन तास आणि मग एका बैठकीत जवळजवळ सोळा तास. तिसरा फ्रँकफर्टला बदलून, नऊ तास, मग चार तासांचा थांबा, मग साडेअकरा तास. पैशांत फार फरक नाही.

मला आकडे कळले की धीर येतो. औषधसुद्धा मी मापाशिवाय टाकीत टाकत नाही. तर माझं अडलंय ते असं. शाळेतल्या नकाशावर अमेरिका डाव्या हाताला आहे, पण भावकीतला एक जण म्हणतो विमान जपानवरून उजवीकडून जातं. खरं कुठलं? दुसरं, फ्रँकफर्टच्या तिकिटावर मुंबई सुटण्याची वेळ गुरुवार ९ ऑक्टोबर, रात्री १२.५०, आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोचण्याची वेळ त्याच गुरुवारी दुपारी १.०० अशी आहे. माझ्या हिशेबाने हे बारा तास दहा मिनिटं होतात. एजंट म्हणतो पंचवीस तास. आणि तिसरं म्हणजे, तुमच्या घरची बाई असती तर तुम्ही कुठल्या विमानात बसवलं असतं?

शेजारी असंही सुचवतात की ओझरहून दिल्लीचं विमान घ्या, मुंबईची दगदग वाचेल. घरापासून ओझर अगदी जवळ आहे, म्हणून मोह होतो.

---

ओझर_टाउनशिप, १० सप्टेंबर, रात्री ११.१५

नमस्कार. मी ओझरच्या विमान कारखान्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. हा कारखाना १९६४ला आला तो मिग-२१साठी, आणि माझी पहिली दहा वर्षं त्याच विमानावर गेली. येत्या २६ तारखेला चंदीगडला हवाई दल त्याला निरोप देतंय, त्यामुळे सध्या आमच्या कॉलनीत दुसरा विषय नाही. असो, तुमचे प्रश्न एकेक घेतो.

डावीकडून की उजवीकडून? अंतराच्या हिशेबाने दोन्ही नाही, वरून! शाळेचा नकाशा म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवलेली. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पृथ्वीचा गोल असेल, तो घ्या. सुतळीचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि सुतळी ताणा. ती काश्मीरवरून वर चढेल, सायबेरिया ओलांडेल, उत्तर ध्रुवाच्या थोडं बाजूने जाईल आणि अलास्कावरून खाली उतरेल. हे सगळ्यात जवळचं अंतर, सुमारे १३,५०० किलोमीटर. तेच सपाट नकाशावर पट्टी ठेवून जपानच्या बाजूने सरळ रेघ मारली आणि विमान त्या रेघेने नेलं, तर १६,१०० किलोमीटर भरतील. नकाशावर सरळ दिसणारी रेघ गोलावर वळसा होते.

म्हणून तुमच्या भावकीतल्यांना खोटं म्हणता येणार नाही. एअर इंडियाने २०१६मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली होती. अंतर वाढून १५,००० किलोमीटरच्या पुढे गेलं, तरी वेळ कमी लागला. कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीच्या दिवसांत त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरला, तर पाठीशी वारा असला की ११००, तोंडावर आला की ७००. तेव्हा दोन शहरांमधलं अंतर एकच, पण जायचे तास वेगळे आणि यायचे वेगळे. सौ. परत येतील तेव्हा हा फरक तिकिटावर दिसेल.

आणखी एक गोष्ट. सुतळीच्या वाटेने प्रत्येक विमानाला जाता येत नाही. २०२२पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. यंदाच्या एप्रिलपासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद आहे. त्यामुळे वळसे पडतात, आणि तेवढं इंधन जास्त न्यावं लागतं. तुम्हाला सोळा तासांच्या ‘वर’ असं मोघम सांगितलं ते याचमुळे.

ध्रुवावरून विमान खरंच जातं का, असं कोणी विचारलं तर हे सांगा. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. वैमानिक सगळ्या महिला होत्या. सतरा तासांच्या आसपास उड्डाण झालं. सौ.ना मुद्दाम सांगा हे.

आता पर्यायांची अंतरं. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०००च्या थोडं वर, एकूण १५,००० धरा. मुंबई–फ्रँकफर्ट ६,५७० आणि तिथून पुढे ९,१५०, एकूण १५,७००. म्हणजे सुतळीच्या अंतरापेक्षा दोन हजार दोनशे जास्त. कागदावर फ्रँकफर्ट सगळ्यात लांब आहे, तरी मी घरच्यांना तिथूनच पाठवलं असतं. दुबईच्या वाटेवर पहिला टप्पा इतका आखूड आहे की पाय आखडायच्या आत उतरायचं, आणि मग सोळा तास एकाच खुर्चीत. फ्रँकफर्टला प्रवास जवळजवळ निम्म्यात तुटतो. गुडघ्याच्या माणसाला चार तास जमिनीवर मिळतात.

वेळेचा हिशेब उद्या सकाळी लिहितो, डोळे दुखायला लागले.

---

ओझर_टाउनशिप, ११ सप्टेंबर, सकाळी ७.०५

वेळेचं. एजंट बरोबर आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात. ऑक्टोबरात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं. तिथे गुरुवारी दुपारी १.०० वाजता आपल्याकडे शुक्रवारची रात्र, १.३०. आता आपल्याच घड्याळाने मोजा. गुरुवार रात्री १२.५० ते शुक्रवार रात्री १.३०, म्हणजे २४ तास ४० मिनिटं. टप्प्यांनी ताळा करा. ९ तास, ४ तास १० मिनिटांचा थांबा, ११ तास ३० मिनिटं. बेरीज तीच येते.

तिथली वेळ काढायची सोपी युक्ती. आपलं घड्याळ अर्धा तास मागे घ्या आणि दिवसाची रात्र करा. आपल्याकडे सकाळचे ८ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७.३०. हे २ नोव्हेंबरपर्यंत चालेल. त्या रविवारी अमेरिका घड्याळं एक तास मागे घेते, मग अर्ध्याऐवजी दीड तास मागे घ्यायचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा अर्ध्यावर.

सौ.ना एक गोष्ट आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील. फ्रँकफर्टहून सकाळी साडेदहाला निघाल्या की साडेअकरा तास दिवस मावळणारच नाही. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटरने फिरते, पण वर साठ अंश अक्षांशावर निम्म्याने, साधारण ८३५ने. विमान त्याच वेगाने पश्चिमेला पळतं, म्हणून सूर्य खिडकीत जवळजवळ जागच्या जागी राहतो. खाली ग्रीनलंडचा बर्फ दिसेल, ढग नसले तर.

आणि विमानातली हवा पातळ असते. आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७. म्हणजे तुमच्या मंडळी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच जागी वीसेक तास बसणार. हवा कोरडीही फार असते. घसा सुकला नाही तरी दर तासाला पाणी प्यायला सांगा.

---

द्राक्षबाग_मोहाडी, ११ सप्टेंबर, रात्री ८.३०

साहेब, तुमचे उपकार कसे मानू. आज दुपारी शाळेत गेलो. गुरुजींनी गोल दिला, पोरं भोवती जमली. सुतळी विषुववृत्ताभोवती गुंडाळली तर ९४ सेंटिमीटर भरली. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को ३२. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, असं फळ्यावर मांडलं तर तेरा हजार सहाशे आले. तुम्ही सांगितलेल्या आकड्यापेक्षा शंभरच जास्त. सातवीच्या वर्गाने मग प्रत्येकाच्या मामाचं गाव मोजायला घेतलं.

गोल घरी आणायची परवानगी घेतली. रात्री सौ.ना सुतळी धरून दाखवलं. तिने मुंबईवर बोट ठेवलं, मग फ्रँकफर्टवर, मग पलीकडे. मग म्हणाली, “मधे उतरून पाय मोकळे करायला मिळणार असतील तर मी जाते.” एवढं ऐकलं आणि एजंटला फोन केला. तिकीट फ्रँकफर्टचं.

आता दुसरी काळजी. फ्रँकफर्टला एवढ्या मोठ्या विमानतळावर ती दुसऱ्या विमानापर्यंत जाणार कशी? इंग्रजी अजिबात नाही. आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, खसखस, सुकं खोबरं असं पाच-सहा किलो न्यायचं म्हणतेय. चालतं का?

---

गंगापूररोडची_मावशी, ११ सप्टेंबर, रात्री १०.२०

दादा, मी तीन वेळा एकटी गेले आहे, दोन बाळंतपणं आणि एक मुंज. पहिल्या वेळी मलाही इंग्रजी येत नव्हतं. वहिनींना म्हणावं, काही होत नाही.

आजच एजंटला सांगून व्हीलचेअर मागवून घ्या, तिन्ही ठिकाणांसाठी. याला पैसे पडत नाहीत. प्रवासाच्या दोन दिवस आधी फोन करून नोंद झाली आहे ना ते पुन्हा विचारा. गुडघा दुखतो हे कारण पुरे आहे, लाज वाटायचं काही नाही. मुंबईत काउंटरवर सामान दिलं की खुर्ची येते, ती तपासणी आणि इमिग्रेशनमधून थेट विमानाच्या दारापर्यंत. फ्रँकफर्टला दाराशीच दुसरा माणूस उभा असतो. विमानातून सगळे उतरेपर्यंत जागेवर बसून राहायचं, गर्दीबरोबर निघून जायचं नाही. एवढी एक गोष्ट वहिनींच्या मनावर ठसवा. मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर चालत सुटले आणि अर्धा तास भलतीकडे फिरले.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान मुंबईत दिलं की सॅन फ्रान्सिस्कोलाच हातात येतं, मधे काही उचलायचं नाही. ओझर–दिल्लीचं विमान मोहात पाडतंय खरं, पण ते तिकीट वेगळं काढलंत आणि विमानाला उशीर झाला तर पुढचं विमान थांबत नाही, पैसेही बुडतात. दिल्लीला सामान घेऊन पुन्हा द्यायला लागतं ते वेगळंच. एकट्या बाईला हे नको.

गळ्यात एक छोटी पिशवी. त्यात पासपोर्ट, तिकिटाचा कागद आणि तीन चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर इंग्रजीत: मी पहिल्यांदा प्रवास करते आहे, मला मराठी आणि हिंदी येतं, मला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानाकडे न्या. दुसरीवर मुलीचं नाव, पत्ता, फोन. तिसरीवर शाकाहारी जेवण, मांस-मासे-अंडं नको. जेवणाची नोंदही तिकिटाबरोबरच करा. सीट आतल्या वाटेकडेची घ्या, खिडकीची नको. दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूला दहा-वीस पावलं चालायचं आणि बसल्या जागी पावलं वरखाली करत राहायचं. लांबच्या बैठकीत पिंढरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्यासाठी. पायमोजे कोणते घालायचे ते डॉक्टरांना विचारा.

खाऊ. लाडू न्या, अळीव न्या, मेतकूट न्या. खसखस नको! दुबईवरून जात असतात तर मी हे लाल शाईने लिहिलं असतं, कारण तिथे खसखस अमली पदार्थात धरतात. तुम्ही फ्रँकफर्टवरून जाताय, तरी लाडवात घालू नका. पुढे कधी दुसऱ्या वाटेने गेलात तर सवय नडायला नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात घालायच्या नाहीत. २०२२पासून चेक-इन सामानात सुकं खोबरं चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते आग धरू शकतं. किसून, भाजून लाडवात घातलंय ते वेगळं. ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं यातलं काही नको. तुमच्या बागेतली असली तरी द्राक्षं नकोत, दादा. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं काही आहे का विचारतात, तेव्हा हो म्हणायचं आणि लाडू दाखवायचे. लपवलं तर दंड.

इमिग्रेशनला विचारतात, कशाला आलात, किती दिवस राहणार, कोणाकडे. मुलीला बाळ होणार आहे, हे खरं ते सांगायचं. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. मराठी एवढा एक शब्द म्हटलं तरी ते दुभाष्याची सोय बघतात. माझ्या वेळी फोनवर हिंदी बोलणारी बाई जोडून दिली होती.

---

नाशिकरोड_मेडिकल, १२ सप्टेंबर, दुपारी १.१०

औषधांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. पाकिटातून काढून डबीत भरू नका, पट्टीसकट न्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत लिहून घ्या. किती महिने राहणार तेवढ्यांचा साठा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. पंचवीस तासांच्या प्रवासात सकाळ कुठली धरायची ते डॉक्टरांकडूनच घड्याळाच्या आकड्यांत लिहून घ्या, फ्रँकफर्टला अमुक वाजता असं. स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका, चुकवूही नका. पॉवर बँक असेल तर तीही हातातल्या पिशवीतच.

---

द्वारका_एअरपोर्टगाडी, १२ सप्टेंबर, रात्री ९.५५

भाऊ, मी बारा वर्षं नाशिक–सहार (मुंबई विमानतळ) गाडी चालवतो. विमानाचे तास सगळ्यांनी मोजले, रस्त्याचे कोणी मोजले नाहीत.

पहिलं म्हणजे तारीख. गुरुवार रात्री १२.५० याचा अर्थ तुम्ही निघणार बुधवारी, ८ तारखेला, दुपारी. याच घोळात माझं एक गिऱ्हाईक गुरुवारी रात्री विमानतळावर उभं होतं, विमान वीस तास आधी गेलेलं. कॅलेंडरवर आजच ८ला गोल करा.

मोहाडीतून नाशिक, तिथून विमानतळ साधारण १७० किलोमीटर. घोटीपर्यंत हायवे, मग इगतपुरीला समृद्धीवर चढायचं. ५ जूनपासून इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा सुरू झालाय, ७६ किलोमीटर. कसारा घाट टळतो, बोगद्यातून सात-आठ मिनिटांत खाली. आमण्यापर्यंत लोण्यासारखा रस्ता. तिथून पुढे मात्र वडपे ते ठाणे रुंदीकरणाचं काम चालू आहे, आणि संध्याकाळी पाच ते नऊ गोदामांचे कंटेनर सुटतात. मी इगतपुरी–आमणे पाऊण तासात केलंय आणि त्याच दिवशी आमणे–ठाणे दीड तास बसलोय.

रात्री नऊला टर्मिनल दोनवर हजर व्हायचं धरा, व्हीलचेअरला वेळ लागतो. म्हणजे मोहाडीतून दुपारी अडीच, फार तर तीन. लवकर पोचलात तर वहिनी निवांत बसतील. पोलिसांचे अडथळे, मिरवणूक, पाऊस, कशासाठीही दीड तास हाताशी राहतो.

---

द्राक्षबाग_मोहाडी, १० ऑक्टोबर, सकाळी ११.३०

पोचली. सगळ्यांना हात जोडून सांगतो, नीट पोचली.

बुधवारी पावणेतीनला निघालो. आमण्यापर्यंत भुर्रकन, पुढे गाडीवाल्या भाऊंनी लिहिलं तसंच घडलं, भिवंडी ओलांडायलाच सव्वा तास. साडेआठला टर्मिनलच्या दारात होतो. व्हीलचेअरवर बसताना तिने पदर डोक्यावर घेतला, पिशवी गळ्यात सारखी केली, आणि चिठ्ठ्या बाहेरून चाचपून बघितल्या. आत गेल्यावर काचेतून एकदा वळून बघितलं. मी परत निघालो तो पहाटे तीनला बागेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पेस्टची माणसं येणार होती.

गुरुवारी सकाळी ९.५०ला फोनवर बघितलं, विमान फ्रँकफर्टला उतरलेलं. तिकडे ६.२०. दुपारी दोनला तिथून सुटलं. मग माझ्याकडे संध्याकाळ झाली, रात्र झाली, जेवलो, आणि सारखं मनात येत होतं की तिच्या खिडकीत अजून सूर्य आहे. शाळेचा गोल अजून पडवीतच आहे, परत द्यायचाय. त्यावर बोट ठेवून बसलो होतो. अकराला ग्रीनलंड मागे पडलं असेल, कॅनडा चालू असेल असा अंदाज करत.

रात्री १.२८ला उतरलं. ठरल्यापेक्षा दोन मिनिटं आधी. आणि मग फोन येईना. दोन वाजले, अडीच वाजले, तीन. खरं सांगतो, त्या जवळजवळ दोन तासांइतका लांब टप्पा अख्ख्या प्रवासात दुसरा नव्हता. ३.२०ला मुलीच्या फोनवरून आवाज आला, “अहो, लाडू उघडून बघितले त्यांनी. एक वास घेतला आणि परत बांधून दिले.” इमिग्रेशनची रांग मोठी होती. मावशींनी लिहिलं तशी फोनवर हिंदी बोलणारी बाई दिली होती. तिने विचारलं किती महिने राहणार, तर ही म्हणाली, द्राक्ष तोडणीच्या आधी परत यायचंय.

फ्रँकफर्टचा थांबा तिला सगळ्यात आवडला. खुर्चीवरून न्यायला आलेला मुलगा श्रीलंकेचा होता, भाषा काही जुळली नाही, पण त्याने तिला गरम पाणी आणून दिलं आणि ती तासभर गेटसमोर फेऱ्या मारत होती. गुडघा सुजला नाही. पाणी दर तासाला प्यायली. कळसूबाईचं साहेबांनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. शेजारच्या सीटवर पुण्याची एक मुलगी निघाली, तिला हिने सांगितलं, आपण आत्ता कळसूबाईच्या वर बसलोय.

घड्याळ तिने फिरवलेलं नाही. अर्धा तास मागे आणि दिवसाची रात्र, हे तोंडपाठ केलंय.

---

ओझर_टाउनशिप, १० ऑक्टोबर, दुपारी १२.०५

फार बरं वाटलं वाचून. मीही काल रात्री नकाशावर ते विमान बघत होतो.

---

गंगापूररोडची_मावशी, १० ऑक्टोबर, दुपारी २.४०

वहिनींना पहिले चार-पाच दिवस रात्री दोनला टक्क जाग येईल आणि दुपारी झोप अनावर होईल. दुपारी झोपू द्यायचं नाही, उन्हात चालायला न्यायचं. मुलीला सांगा.

---

द्राक्षबाग_मोहाडी, १९ ऑक्टोबर, रात्री १०.१५

नात झाली. परवा, तिकडच्या गुरुवारी रात्री ९.५०ला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवार सकाळी १०.२०. तीन दिवस आधीच. आई आणि बाळ दोघी बऱ्या आहेत.

त्याच शुक्रवारी ओझरवरून तेजस उडालं, इथल्या कारखान्यात बनलेलं पहिलं. साहेब, तुमच्याकडे तर सणच असेल. आम्ही बागेत फूट विरळत होतो, सगळे मजूर माना वर करून उभे राहिले.

आता पुढचं विचारतो. सौ. २० फेब्रुवारीच्या आसपास परत येतील. एजंट म्हणतो परतीला सॅन फ्रान्सिस्को ते फ्रँकफर्ट पाऊण तास कमी लागेल. हा तुम्ही सांगितलेला वारा का? आणि तेव्हा दीड तास मागे धरायचं ना?

---

ओझर_टाउनशिप, १९ ऑक्टोबर, रात्री १०.५०

नातीबद्दल अभिनंदन, आजोबा. हो, तोच वारा, थंडीत जास्त जोराचा. या वेळी तो तिच्या पाठीशी असेल. आणि हो, दीड तास. एक लक्षात ठेवा, परतीला तारीख दोनदा पुढे गेलेली दिसेल. २० तारखेला दुपारी निघाल्या तर मुंबईला २२ला पहाटे उतरतील. द्वारकेच्या भाऊंना गाडी २१च्या संध्याकाळची सांगा.